राक्षस दुरुस्तीचे तीन शिलिंग

दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात सर्न ॲबस नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या जमाखर्चात ४ नोव्हेंबर १६९४ या तारखेला एक ओळ आहे: राक्षस दुरुस्त केल्याचे तीन शिलिंग. हा राक्षस म्हणजे गावाशेजारच्या डोंगरउतारावर कोरलेला पुरुष. उंची ५५ मीटर, हातात भलामोठा सोटा, अंगावर सूतभर कपडा नाही आणि पुरुषत्व इतकं ठळक की घरोघरी जाणाऱ्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापायचा तर संपादक आजही दोनदा विचार करेल. त्या नागड्या गड्याच्या डागडुजीचे पैसे चर्चने दिले आणि हिशेब लिहिणाऱ्याने त्यावर एका शब्दाची मल्लिनाथी केली नाही. कौलं फुटली, बदलली. राक्षस बुजला, उकरला. टाका खर्ची.

या राक्षसाच्या वयावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. कुणी त्याला प्रागैतिहासिक मानायचं, कुणी रोमन काळातला हर्क्युलिस. तर कुणाच्या मते सतराव्या शतकात एका जमीनदाराने तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याची टिंगल करायला तो खोदवून घेतला. २०२१ साली नॅशनल ट्रस्टने, म्हणजे तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने, तिथल्या मातीतल्या वाळूच्या कणांची तपासणी जाहीर केली. त्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हे मोजण्याचं तंत्र आहे. उत्तर आलं इसवी सन ७०० ते ११००. सगळ्या पक्षांचे अंदाज एकदम कोसळले. खणताना मिळालेल्या बारीक गोगलगायींच्या शंखांनीही साक्ष दिली होती, कारण त्यातल्या काही जाती मध्ययुगापूर्वी इंग्लंडात नव्हत्याच. म्हणजे राक्षस किमान नऊशे वर्षांचा. पण १६१७ च्या जमीनमोजणीत त्याचं नावही नाही, तेव्हा मधल्या काळात तो गवताखाली गडप झाला असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. तो कुणी कोरला, कशासाठी कोरला, याचा कागद कुठेही नाही. त्याचा पहिला लेखी पुरावा म्हणजे दुरुस्तीची ही पावती.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जुनं काही टिकवायचं तर पैसा, मान आणि कायदा हे तिन्ही डागडुजीकडे वळले पाहिजेत, असं माझं मत आहे. आपल्याकडे ते तिन्ही जीर्णोद्धाराकडे वळलेले असतात. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची प्रतिष्ठाही वेगळी आहे. जीर्णोद्धाराला कोनशिला असते, मंत्री असतात, फीत असते. डागडुजीला गवंडी आणि घमेलं.

खडूचे डोंगर आपल्याकडे नाहीत, म्हणून थोडं सांगायला हवं. शाळेतला खडू डोळ्यांसमोर आणला तरी चालेल, फक्त डोंगराएवढा. दक्षिण इंग्लंडमध्ये वीतभर माती आणि हिरवळ बाजूला केली की खाली पांढरा, मऊ चुनखडक लागतो. हिरव्या उतारावर पांढरी रेघ मैलोन्‌मैल दिसते. चित्र काढायला याहून सोपी पाटी नाही, आणि पुसली जायलाही. कडेचं गवत रेघेत सरकत राहतं, पाऊस वरची माती खाली आणतो, ससे उकरतात. लक्ष दिलं नाही तर एका पिढीत चित्र नाहीसं होतं. आता ऑक्सफर्डशायरमधला अफिंग्टनचा पांढरा घोडा घ्या. लांबी सुमारे ११० मीटर. नव्वदच्या दशकात त्याच तंत्राने त्याचं वय काढलं, तेव्हा तो इसवी सनापूर्वी १३८० ते ५५० या काळातला निघाला. ढोबळ तीन हजार वर्षं धरली आणि पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर एकशेवीस पिढ्या. यातल्या लागोपाठच्या दोन पिढ्यांनी जरी अंग काढून घेतलं असतं, तरी आज तिथे नुसता डोंगर असता.

मी तिथे गेलो तेव्हा घोडा दिसलाच नाही. डोंगरावर उभं राहिलं की पायाशी दोन-तीन हात रुंदीचा पांढरा पट्टा असतो, तो वळत वळत उताराखाली जातो, आणि बस. आख्खा घोडा पाहायचा तर समोरच्या खोऱ्यात दूरवर जायचं किंवा विमानात बसायचं. उन्हाळ्यात स्वयंसेवक येतात त्या दिवसांपैकी तो एक दिवस होता. माझ्याही हातात हातोडी आली. गुडघ्याखाली उशी घ्यायची, बादलीतले खडूचे खडे पट्ट्यावर ओतायचे आणि ठोकायचे. आधी त्यांचा चुरा होतो, मग लगदा, आणि ठोकत राहिलं की घोटीव जमीन, आपल्या चोपलेल्या अंगणासारखी. अर्ध्या तासात मी दीड हात जागा केली. नखांत पांढरं गेलं, मनगट भरून आलं. मी घोड्याचा कान ठोकतोय की मान, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या सहा वर्षं येत होत्या.

पांढरा दिसणारा खडू गेल्या वर्षीचा, फार तर दहा वर्षांपूर्वीचा. मग तीन हजार वर्षांचं काय आहे? अफिंग्टनला मूळ कारागिरांनी नुसती हिरवळ खरवडली नव्हती, चांगले खोल चर खणून त्यात कुटलेला खडू भरला होता. जुनं वय निघालं ते त्या चरांतल्या मातीचं. वरचं जे आपण बघतो, फोटो काढतो, ते सगळं ताजं. काही पंडितांना याचा त्रास होतो. अस्सल कशाला म्हणायचं? दगड तोच असेल तर वास्तू तीच, हा युरोपातला जुना दंडक, जुन्या वास्तू जपण्याच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत तो पक्का झाला. जपानात लाकडी देवळं ठरावीक काळाने नव्याने बांधतात, त्यांना हा दंडक लावायचा कसा, असे प्रश्न आल्यावर १९९४ च्या नारा दस्तऐवजात अस्सलपणाची व्याख्या सैल करावी लागली. गंमत अशी, की हे कोडं सोडवायला जपानला जायची गरज नव्हती. इंग्लंडच्याच डोंगरावर ते पडलेलं होतं.

कोकणातल्या माणसाला तर ते कोडंच वाटू नये. आमच्या घरावर नळ्याची कौलं होती तेव्हा वैशाखात शाकारणी व्हायची. दोन माणसं छपरावर चढायची, एकेक कौल उचलून खालचा पालापाचोळा झाडायची, फुटकं काढून साबूत घालायची. आजोबांच्या वेळचं एकही कौल माझ्या लहानपणी त्या छपरावर नसणार. तरी घर आजोबांचंच होतं आणि ते कुणाला सिद्ध करावं लागत नव्हतं.

अफिंग्टनची शाकारणी म्हणजे जत्रा असायची. साधारण सात वर्षांनी आजूबाजूच्या गावांनी मिळून घोडा साफ करायचा आणि मग दोन दिवस धमाल करायची, असा रिवाज सांगतात. घोड्याच्या खालच्या खोल घळीला नावच गव्हाण आहे. रात्री घोडा उतरून तिथे चरतो म्हणे. त्या गव्हाणीत चीजची मोठी चाकं गडगडत सोडायची आणि पोरांनी त्यांच्यामागे धावायचं. कुस्त्या, शर्यती, बीअर. असा शेवटचा मोठा सोहळा झाला सप्टेंबर १८५७ मध्ये. त्याच महिन्यात इंग्रजांच्या फौजा दिल्लीच्या भिंती फोडून आत घुसत होत्या. एका टोकाला शहर उद्ध्वस्त होतंय आणि दुसऱ्या टोकाला गावकरी चीजमागे पळताहेत. इतिहासाची पानं अशी शेजारी ठेवली की विचित्र वाटतं, पण तेही एक असो.

मला महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. हे लोक घोडा साफ करत होते तेव्हा तो कुणाचा, कशाचा, हे त्यांना माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं राजा आल्फ्रेडने ८७१ साली डेन लोकांना हरवल्याची ती खूण. कुणी म्हणायचं तो घोडा नव्हेच, सेंट जॉर्जने मारलेला ड्रॅगन. शेजारच्या टेकडीला तर ड्रॅगन हिल म्हणतातच आणि तिच्या माथ्यावर जिथे गवत उगवत नाही तिथे त्याचं रक्त सांडलं म्हणे. दोन्ही गोष्टी खोट्या. ज्यांनी घोडा कोरला त्यांची भाषा मेली, देव गेले, नंतरचे रोमन आले नि गेले, सॅक्सन आले, नॉर्मन आले, धर्म दोनदा बदलला. अर्थ प्रत्येकाने आपापला लावला, पण काम तेच राहिलं. आपण मात्र नेमकं उलटं धरून बसतो. आधी अर्थ ठरवा, कुणाचा वारसा ते ठरवा, मग जपणुकीचं बघू. तोवर भिंतीत पिंपळ रुजलेला असतो.

जिथे काम थांबलं तिथे काय झालं, याचीही यादी आहे. प्लिमथच्या समुद्रकाठच्या टेकडीवर राक्षसांच्या आकृती होत्या. त्या साफ केल्याची मजुरी पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या नगराच्या हिशेबांत सापडते. १६६० च्या दशकात तिथे किल्ला बांधला आणि त्या गेल्या. वॉरिकशायरमधल्या टायसोला लाल मातीतला घोडा होता. तो साफ करण्याच्या अटीवर तिथली जमीन कसायला दिलेली असे, असं सांगतात. जमिनीची व्यवस्था बदलली, कुंपणं पडली, अट सुटली आणि घोडा नांगराखाली आला. पुढे कुणी दुसरा छोटा घोडा काढला, तोही विसाव्या शतकात बुजला. चित्र जगवणारी गोष्ट कोरीव रेघेपेक्षा ती अट होती. अट मोडली आणि चित्र गेलं.

यावर एक शहाणा उपाय सुचतो: एकदाच काय ते पक्कं करून टाका. करून बघितलंय त्यांनी. ससेक्समधल्या विल्मिंग्टनच्या लाँग मॅनला, जो डोंगरावर दोन हातांत दोन काठ्या घेऊन उभा आहे, १८७४ मध्ये विटांनी आखलं आणि १९६९ मध्ये त्या जागी काँक्रीटचे ठोकळे बसवले. म्हणजे खडूच्या डोंगरावरच्या या सर्वांत उंच माणसाच्या रेघेत आता खडू नाहीच. वेस्टबरीच्या घोड्यावर १९५० च्या दशकात काँक्रीट ओतून वर पांढरा रंग दिला. काँक्रीटवर शेवाळ धरतं, ते करडं पडतं, मग दर काही वर्षांनी धुवा आणि पुन्हा रंगवा. कामातून सुटका झाली नाही ती नाहीच. फक्त जे काम गुडघे टेकून, हातोडीने कुणालाही करता येत होतं, ते आता ठेकेदाराला द्यावं लागतं.

माझ्या बाजूने बोलताना एक कबुली द्यायला हवी. लोकांच्या हातात काम दिलं की आकार बदलतो. सर्न ॲबसच्या राक्षसाचं उत्तम उदाहरण आहे. जुन्या चित्रांत त्याला बेंबी आहे, वेगळं वर्तुळ. नंतरच्या कुठल्याशा साफसफाईत ते वर्तुळ खालच्या अवयवाला जोडलं गेलं आणि गड्याची कीर्ती होती त्याहून वाढली. लोक आजही जाऊन तिथे मूल व्हावं म्हणून नवस बोलतात. त्यातला निदान एक हिस्सा डागडुजी करणाऱ्या गड्याच्या फावड्याची देणगी आहे हे त्यांना कुणी सांगू नये. अफिंग्टनला उलटं झालं. कडेच्या गवताने वर्षानुवर्षं बोट बोट जागा खाल्ली आणि दरवर्षी खडू ठोकणाऱ्यांनी आहे तीच कड खरी मानली. जुने आणि नवे हवाई फोटो ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की डोकं आणि मान जवळपास निम्म्याने बारीक झाली आहे. २०२४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी जुन्या कडा शोधून हिरवळ मागे सारली आणि घोडा परत भरला.

यावरून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच हे काम तज्ज्ञांचं. मला ते अर्धंच पटतं. रेघ कुठे आहे हे तज्ज्ञाने सांगावं, मोजून, नकाशा करून, फोटो ठेवून. हातोडी गावाच्या हातात राहू द्यावी. तज्ज्ञ दहा वर्षांतून एकदा येणार. गवत रोज येतं. शिवाय राखणाऱ्यांत माणसंच असतात असंही नाही. सर्न ॲबसचं गवत मेंढ्या खातात म्हणून रेघ उघडी राहते. मेंढ्या कमी पडल्या तेव्हा राक्षस इतका झाकोळला, की २००८ मध्ये १७ टन नवा खडू आणून हाताने ठोकावा लागला. मेंढपाळाला परवडतंय का, हा प्रश्न तिथे पुरातत्त्वाचा प्रश्न आहे.

इथे आपल्या कातळशिल्पांची आठवण येणं साहजिक आहे, पण तुलना जपून करायला हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली चित्रं खडूच्या चित्रांसारखी दरवर्षी नव्याने करावी लागत नाहीत. खरं तर ती कुणी नव्याने करूच नयेत. फोटो चांगला यावा म्हणून रेघेत चुना नाहीतर रांगोळी भरण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी तो घरच्या अंगणात भागवावा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात प्राण्यांच्या कित्येक आकृती आहेत. त्याला हातोडीची गरज नाही. त्याला गरज आहे ती वरून डंपर जाऊ नये याची. चिऱ्याची खाण, नवा रस्ता, कलमांसाठी फोडलेला कातळ, हे त्याचे शत्रू. तिकडे माणूस थांबला की चित्र मरतं. इकडे माणूस पोहोचला की चित्र मरतं.

तरीही दुखणं एकच आहे असं मी म्हणेन. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसाईमाळ अशी नऊ ठिकाणं गेली. जाहीर झालं, सत्कार झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. सडे पायाखाली घालून हे सगळं उजेडात आणणाऱ्या रत्नागिरीच्या अभ्यासकांचं ते श्रेय आहे. पण बहुतेक सडा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. त्या मालकाच्या बाजूने विचार करा. जमिनीत चित्र निघालं की त्याला काय मिळतं? केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीचे, हा नियम त्याने कुठेतरी ऐकलेला असतो. आपल्याला तो लागू होतो की नाही हे तो तपासत बसत नाही. चार घमेली माती टाकली की चित्र दिसायचं बंद होतं. त्याच माणसाला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळाली, पावसाळ्यानंतर गवत आणि माती झाडायची, गाडी आत येऊ द्यायची नाही, फुटलं-तुटलं तर कळवायचं, एवढ्या अटीवर, तर तो लपवणाऱ्याचा राखणदार होईल. टायसोच्या जमिनीवर होती तशी अट. स्वागतकमान, सेल्फी पॉइंट आणि फरसबंदीच्या निधीपेक्षा ही रक्कम नगण्य असेल. अडचण एकच, तिचं उद्घाटन करता येत नाही.

किल्ल्यांवरही हेच चालू आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी पहाटे निघून टाक्यांतला गाळ उपसणारी, तटावरची झुडपं मुळासकट काढणारी पोरं आहेत. त्यांनी परवानगी घ्यावी हे बरोबर, चुकीच्या ठिकाणी सिमेंट लावू नये हेही बरोबर. पण परवानगीच्या कागदापलीकडे जाऊन त्यांना रेघ दाखवायला तिथे कुणी हवं. राक्षसाची बेंबी आपल्याकडेही जोडली जाईल, आणि आपली पोरं ती फार मनापासून जोडतील.

आमच्या गावच्या देवळाची जमाखर्चाची वही मी गेल्या वर्षी चाळली. शिमग्याच्या आधीच्या पानावर दरसाल एक ओळ असते: पाखाडी झाडणे. १९७८ साली त्यापुढे बारा रुपये आहेत, आता बाराशे. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. ती कुणी बांधली ते गावात कुणालाच सांगता येत नाही. पालखी तिच्यावरून उतरते, एवढं कारण पुरतं. वरच्या सड्यावर दोन कातळशिल्पं आहेत, एक मासा आणि एक काय ते कळत नाही असं. वहीत त्यांच्या नावची ओळ नाही. यंदाच्या बैठकीत मी ती सुचवणार आहे. सडा दोन भावकींत वाटलेला आहे, तेव्हा झाडायचं कुणी आणि पैसे कुणाच्या नावे लिहायचे यावरून भांडण होणार हे नक्की. ते रात्री दहापर्यंत आटोपलं तर पुढचा विषय मांडवाचा आहे.